फाट्यापासून शाळेपर्यंत

सरांच्या शोकसभेत एकच वाक्य मी तीनदा ऐकलं. "इतका व्यायाम-व्यायाम केला माणसानं, अन् शेवटी काय झालं?" पहिल्यांदा ते सायकलस्टँडजवळ कुणीतरी हळू आवाजात म्हटलं, दुसऱ्यांदा शिक्षकखोलीत, आणि तिसऱ्यांदा शाळा समितीच्या अध्यक्षांनी, हार घातलेल्या फोटोकडे हनुवटीनं खूण करत. तिन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी मान हलवली. मी हलवली नाही, पण बोललेही नाही. मी मराठी शिकवते, ग्रंथालयाच्या दोन कपाटांच्या किल्ल्या सांभाळते, आणि चारचौघांत द्यायचं उत्तर मला घरी पोचल्यावर सुचतं. म्हणून हे लिहिते आहे. उशिरा सुचलं, तरी उत्तर आहे.

सभेच्या शेवटी मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सोमवारपासून मुलींची बस फाट्यावर थांबणार नाही, सरळ शाळेच्या दारात येईल, धावणं बंद. दोन, आता सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. मुली उभ्या राहिल्या. त्यांतल्या पुष्कळ जणींची दोन बोटं गळ्याला लागलेली होती. बाहेरच्या पाहुण्यांना ती दुःखाची काही रीत वाटली असेल. त्या नाडी मोजत होत्या. रिकामी दोन मिनिटं मिळाली की नाडी मोजायची, ही सवय सरांनी लावली होती, आणि सर गेले म्हणून ती सोडायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

सर आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. शाळा चामोर्शी तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. अंगानं ते त्या विषयाचे वाटत नसत. एक खांदा खाली, पाय किंचित फेंगडे, शर्ट कायम बाहेर. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. नवीन शिट्ट्या आल्या तेव्हा त्या त्यांनी माझ्या ग्रंथालयाच्या कपाटात आणून ठेवल्या. "ढोरांलेबी आपुन नावानं हाकारतो मॅडम, अन् लेकरांले शिट्टी?" सावधान-विश्रामही त्यांच्या तासाला नसे. स्वातंत्र्यदिनाच्या आधी मुख्याध्यापकांनी विचारलं, मुलं रांगेत नीट उभी का राहत नाहीत? सर म्हणाले, "उभं राह्यल्यानं उभं राह्यता येते साहेब, बस. दुसरं काई येत नाई."

शिक्षकखोलीतल्या आम्हा सगळ्यांना ते 'बसेल लोकं', म्हणजे बसून राहिलेली माणसं, म्हणत. "काय बसेल लोकं, चहा झाला काय?" गणिताचे सर चिडत. मी चिडत नसे, कारण ते खरं होतं.

मी त्यांना देव करणार नाही. वरच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पन्नी असायची, आणि ती सगळ्या शाळेला ठाऊक होती. एकदा आठवीतल्या एका मुलीनं भर तासात विचारलं, "सर, तुमी सोता खर्रा खाता अन् आमाले सांगता?" सरांनी पन्नी काढून तिच्या हातावर ठेवली. "हे माह्यं चुकलं. तुमचं चुकाचं हाये अजून. पाहून घे, अन् वापस दे." तिनं परत दिली. त्यांनी ती परत खिशात ठेवली. त्या दिवशी सुटला नाही खर्रा, पुढेही सुटला नाही.

आमच्या शाळेला मैदान होतं, असं जुनी माणसं सांगतात. मी आले तेव्हा त्याचा एक कोपरा दोन नव्या खोल्यांनी घेतला होता, एक बोअरवेलनं, एक सायकलस्टँडनं. उरलेल्या जागी गावातली मुलं शाळा सुटल्यावर सहा वाजेपर्यंत खेळत. मुलं म्हणजे मुलगे. मुली आसपासच्या खेड्यांतल्या, त्यांची निळी बस पाच वाजता निघायची. चुकली तर दुसरी नाही.

ती बस चांगली गोष्ट आहे, हे आधी सांगायला हवं. ती नव्हती तेव्हा सातवीनंतर कितीतरी मुली घरीच राहत. मी स्वतः चामोर्शीहून तिच्यातूनच येते. माझे अब्बा तिथं शिवणकाम करतात. ती चार खेड्यांतल्या मुली घेते, फाट्यावर मोठा रस्ता सोडून आत वळते आणि शाळा करून पुढच्या गावांना जाते. सरांनाही बसबद्दल आदर होता. फक्त ते म्हणत, "बसनं पोरी शाळेत आनल्या, पाय घरीच राह्यले." पूर्वी ज्या येत त्या चार-चार किलोमीटर चालत येत. आता घराच्या दारातून बाकावर, बाकावरून दुसऱ्या बाकावर, आणि संध्याकाळी परत घराच्या दारात.

यावर गावात एक ठरलेलं उत्तर होतं. एका मुलीच्या वडलांनी ते पालकसभेत दिलं. "सर, आमच्या पोरी रोवण्याले येतात, सरपन आनतात, पानी भरतात. त्याईले कायचा व्यायाम शिकवता जी? व्यायाम तुमच्या शहरातल्या पोट्ट्याईले सांगा."

सर हसले नाहीत. त्यांना ते पटल्यासारखं वाटलं. पुढच्या रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या दिवसांत, निम्मा वर्ग शेतात असताना, ते रजा टाकून त्याच गृहस्थांच्या बांधीत गेले आणि दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे, धानाची रोपं, लावले. दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते कमरेतून वाकलेलेच. खुर्चीत बसायलाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. आम्ही बसलेल्या लोकांनी मनसोक्त हसून घेतलं.

"हसा," ते म्हणाले. "त्या पोरी माह्यासंगं होत्या, संध्याकाळी गाने म्हनत घरी गेल्या. कंबर हाये त्याईची, लोखंडाची. पन श्वास नाई. श्वास त्याईले कोनी मांगतच नाई."

रोवणी संपल्यावर त्यांनी त्याच मुलींना उरलेल्या मैदानाला एक फेरी धावायला सांगितलं. मी ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहत होते. एकीचीही फेरी पुरी झाली नाही. अर्ध्यावर थांबत, तोंडावर हात धरून हसत. नंतर लक्षात आलं, त्यांना दम लागल्याची लाज वाटत नव्हती. धावताना कोणी पाहिल्याची वाटत होती. तेराव्या वर्षानंतर खेड्यात मुलगी धावताना दिसत नाही. ती भरभर चालते. धावली तर चार दारं उघडतात.

दरवर्षी मुलांच्या शारीरिक क्षमतेचा एक तक्ता वर पाठवायचा असतो. कोण किती वेळात धावलं, कोण किती वाकलं. त्या वर्षी सरांनी मुलींच्या रकान्यात काहीच भरलं नाही.

"शेजारच्या शाळेचा भरून गेलासुद्धा," मुख्याध्यापक म्हणाले.

"त्या शाळेच्या पोरी हुशार हायेत. हापिसात बसून धावतात."

"मग तुम्ही काय लिहिणार?"

"धावाले जागा नाई, वेळ नाई. तुमी म्हना तर मराठी मॅडमकडून शुद्ध करून लिहितो."

खरंच माझ्याकडे आणलं. मी एक अनुस्वार दिला आणि परत केलं. ते तसंच गेलं. वरून काही आलं नाही, पण मुख्याध्यापक महिनाभर काहीतरी येईल म्हणून टपालाची वाट पाहत राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाची भीती त्यांच्यात होती, आणि ती मला कळत असे.

बस तासभर उशिरा सोडता येईल का, हे विचारायला सर गडचिरोलीला दोनदा जाऊन आले. तिथल्या एसटी डेपोच्या लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की हीच बस पुढं दुसऱ्या शाळेच्या मुलींना घरी सोडते. ही थांबली तर त्या अंधारात अडकतील. सर परत आले आणि म्हणाले, "बरोबर हाये त्याईचं." तिसऱ्या दिवशी सकाळी बस फाट्यावर वळायला लागली, तर सर रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे.

"उतरा," ते दारातून म्हणाले. "संध्याकाळ आपली नाई. सकाळ आपली हाये. दप्तरं राहू द्या. शाळेपरेंत दीड किलोमीटर. बोलत बोलत पळाचं. जिले बोलता येत नाई तिनं हळू व्हाचं, जिले गाता येते तिनं जोरात."

कोणी उठेना. मग मागच्या बाकावरची एक उठली, आणि तिच्यामागून सगळ्या.

त्या दिवशी मी दाताच्या दुखण्यानं घरी होते, त्यामुळे पुढचं ऐकलेलं सांगते. मुली धापा टाकत, लाल तोंडानं शाळेत पोचल्या तर दप्तरं नव्हती. ड्रायव्हर शाळेपाशी रोज मुली उतरवायला थांबे. त्या दिवशी उतरणारं कोणी नव्हतं, म्हणून सवयीनं तो थांबलाच नाही. चाळीस दप्तरं, चाळीस डबे आणि एक छत्री घेऊन बस पुढच्या तीन गावांना फिरून थेट डेपोत गेली. चौथ्या तासापर्यंत मुली वही-पुस्तकाविना बसल्या होत्या, मधल्या सुट्टीत उपाशी. सरांनी गावातून पोहे करून आणले, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत पाऊण तास उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर ते खिडकीशी आले. "मॅडम, तुमी उतरू नका. तुमी पुस्तक वाचत बसा. फक्त शाळा आली की ड्रायव्हरभाऊले सांगा, उतराचं हाये म्हनून."

असं दोन वर्षं चाललं. रोज सकाळी फाट्यावर बस रिकामी होई आणि शेवटचा दीड किलोमीटर चाळीस दप्तरं आणि मी. ओढण्याही माझ्याकडे असत. त्यावरून एका आईनं तक्रार केली होती. सरांनी तिला उत्तर दिलं नाही, मला पाठवलं. मी सांगितलं, ओढण्या माझ्या मांडीवर असतात, हरवत नाहीत. "तुमी असता नं बसमधी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. एवढंच हवं होतं तिला.

या धावण्यातून कोणी पदक आणलं नाही. जिल्ह्यापर्यंतही कोणी गेलं नाही. लोकांना सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणूनच मला जे दिसलं ते सांगते. मी कविता मोठ्यानं वाचायला लावते. पूर्वी मुलींचा आवाज दुसऱ्या ओळीत बारीक व्हायचा आणि कडव्याच्या शेवटी संपायचा. मला ती भीड वाटत होती, मी वर्षानुवर्षं त्यांना धीर देत होते. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत त्या पुरं कडवं एका दमात म्हणायला लागल्या. धीराचा प्रश्नच नव्हता तो. त्यांना हवा पुरत नव्हती. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यासमोर खूश दिसले. "हे लिहा त्या तक्त्यात," म्हणाले.

मग वाघ आला. फाटा आणि शाळा यांच्यामध्ये रस्त्याच्या एका बाजूला धानाच्या बांध्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला झुडपी जंगलाचा पट्टा. एका सकाळी त्या पट्ट्याच्या कडेला, ओल्या मातीत, वनरक्षकाला पावलं दिसली. बातमी शाळेत यायच्या आत सरांनी धावणं थांबवलं. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. अठरा दिवस ते स्वतः बसमध्ये बसून मुलींबरोबर येत होते, आणि मुलींना व्हरांड्यात जागच्या जागी नाचवत होते. मूड असा की कोणी बोलायला जात नव्हतं.

अठरा दिवसांनी वनरक्षकानं येऊन सांगितलं, वाघ नदी ओलांडून पलीकडं गेला. सर लगेच मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापक म्हणाले, आता हे कायमचंच बंद ठेवू. बैठक बोलावली. अध्यक्ष, दोन पालक, वनरक्षक, मुख्याध्यापक, सर, आणि इतिवृत्त लिहायला मी.

"उद्या काई झालं तर?" अध्यक्ष म्हणाले.

"वाघाले मी भेतो," सर म्हणाले. "तो हाये म्हनलं तवा मीच थांबवलं. तो पुन्यांदा आला तर पुन्यांदा थांबवीन. आता तो नाई. आता कोनाले भ्याचं, ते सांगा."

"तरी पन सर, पोरीबाळी हायेत."

सर त्या पालकांकडे वळले. त्यांत ते रोवण्याचे गृहस्थही होते. "भाऊ, मोहफुलं वेचाले पहाटे कोन जाते तुमच्या घरून?"

त्यांनी शेजारच्या पालकाकडे पाहिलं.

"पोरगीच जाते नं? पाच वाजता, एकटी, खाली वाकून. तेंदूपत्त्याले? सरपनाले? तवा कोनती बैठक बसते? मी वर्षानुवर्षं पाहून राह्यलो, ह्या पोरी जंगलात काम कराले गेल्या तर कोनाले वाघ दिसत नाई. अन् उजेडात, डांबरी रस्त्यानं, चाळीस जनी गाने म्हनत पळाल्या, का सगळ्याईले वाघ दिसते."

मी इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मुख्याध्यापकांनी सही करताना ते वाचलं आणि थांबले, पण खोडलं नाही. वनरक्षक छताकडे पाहत होता. शेवटी ते रोवण्याचे गृहस्थच म्हणाले, "पळू द्या जी. माह्यी पोरगी पळते तवापासून घरात भांडतेबी मोठ्या आवाजात. पन पळू द्या."

अध्यक्षांनी अट घातली, जबाबदारी एकट्या सरांची. सरांनी तिथल्या तिथं लिहून दिलं.

हे सगळं चालू असताना त्यांना स्वतःला धावायला डॉक्टरांनी मनाई केलेली होती, हे मला फार नंतर कळलं, त्यांच्या पत्नीकडून. छातीचं दुखणं जुनं होतं. ते फाट्यावर सायकलनं येत आणि मुलींच्या मागून सायकल हातात धरून चालत जात. आम्हाला वाटे, आळस. गणिताचे सर म्हणायचेसुद्धा, "लोकांना पळवता, स्वतः पळा की." सर म्हणायचे, "मी राखनदार हाये."

एकदाच, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, ग्रंथालयाच्या तीन पायऱ्या चढून ते आले आणि कपाटाला धरून उभे राहिले. चेहरा राखेसारखा. मी पाणी दिलं, आणि न राहवून विचारलं की तुम्ही स्वतःकडे कधी पाहणार? ते म्हणाले, "व्यायाम मरन टाळाले नसते मॅडम. मरन कोनाले टळलं? जगन्याची वेळ येते तवा दम लागू नये, म्हनून असते." मग पाणी संपवून म्हणाले, "माह्यं गनित उशिरा सुरू झालं. त्याईचं येळेवर झालं पाह्यजे."

पोळा झाला त्या आठवड्यात ते गेले. गडचिरोलीच्या दवाखान्यात, दुपारी. पत्नीला शेवटी काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं आहे, पण ते तिचं आहे, इथं लिहीत नाही.

तर शोकसभेतल्या त्या वाक्याचं उत्तर. शेवटी काय झालं? शेवटी ते मेले. ते व्यायामामुळे मेले नाहीत आणि व्यायामानं वाचणारही नव्हते. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. त्यांनी चाळीस मुलींसाठी सकाळची दहा मिनिटं मागितली होती, आणि ते गेल्याच्या पाचव्या दिवशी, त्यांच्याच फोटोसमोर उभं राहून, ती परत घेण्यात आली.

सोमवारी बस फाट्यावर आली. ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला, मग आठवून पुन्हा वाढवू लागला. कोणी उठलं नाही. मुली रस्त्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. मी पुस्तकात डोकं घातलं होतं आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

"मॅडम," पुढच्या बाकावरची दहावीतली मुलगी म्हणाली, "थांबवाची काय?"

मी त्या क्षणी सरांचा विचार केला, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. मी ट्रकचा विचार केला. झुडपांचा केला. माझी नोकरी, अब्बांचं वय, आणि शाळेत मी आयुष्यात कधी धावले नाही याचा. ओढण्यांबद्दल विचारणारी ती आई आठवली. मग मी म्हटलं, "थांबवा." आवाज इतका बारीक होता की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "साहेबानं नाई म्हनलं मॅडम. जबाबदारी कोनाची?"

"माझी."

"अन् दप्तरं?"

"ती मी उतरवते शाळेत," या वर्षीच बसवर आलेल्या कंडक्टरबाई म्हणाल्या. "तुमी जा. ओढण्या सीटवर ठेवा वं पोरीहो, लवकर."

मुली उतरल्या, आणि त्यांच्यामागून मी. काही पळाल्या, काही वाट पाहत थांबल्या. मी पर्स काखेत दाबून, चपलांत, बहुधा फार हास्यास्पद दिसत, पहिल्या पुलापर्यंत धावले. तिथं बाभळीला धरून उभी राहिले. छातीत काहीतरी फाटल्यासारखं होत होतं.

दहावीतली ती मुलगी परत आली. "मॅडम, बोलत राहा. बोललं का दम पुरते."

"काय बोलू?"

"काईबी. शिकवा."

मग उरलेलं अंतर मी चालत, थोडं धावत, पुन्हा चालत काटलं आणि आठवेल ती कविता तिला म्हणून दाखवली. कडवी तुटली. ती मध्येच राहिलेले शब्द पुरवत होती. झुडपांकडे मी डोळे लावून होते, आणि मुली सगळ्या पुढं दिसत आहेत ना, हे मोजत होते.

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. मुख्याध्यापक दारात उभे होते, शिक्षकांचा हजेरीपट हातात.

"बस रिकामी आली, मॅडम."

"हो."

"मी सभेत काय सांगितलं होतं?"

"मी होते सभेत."

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. पण त्यांचा आवाज फक्त थकलेला होता. "आणि उद्या काही झालं तर?"

"तर मी तिथं असेन."

त्यांनी हजेरीपट उघडला. मग माझ्या नावापुढं उशिराची खूण केली, पट माझ्याकडे वळवला आणि पेन दिलं. सही वाकडी आली. श्वास अजून बसला नव्हता.